आदरासाठी मुलगी पाहिजे

सद्गुण शिकवायचा तर दोन गोष्टी लागतात: तो सद्गुण, आणि ज्याच्यावर तो करून दाखवायचा असा एक माणूस. पहिल्याची उणीव भाषणाने भरून निघते. दुसऱ्याला पर्याय नाही.

विसरवाडीपासून आत चार किलोमीटरवर असलेल्या एका गावातील ख्रिस्ती मंडळीने यंदाच्या मे महिन्यात मुलांसाठी दहा दिवसांची सुटीतील बायबल शाळा भरवली, तेव्हा ही अडचण पहिल्याच बैठकीत उभी राहिली. विषय ठरला होता: वांशिक सन्मान. पुस्तक परदेशातून आले होते. भाषांतरित, रंगीत आणि सेहेचाळीस मुलांना पुरेल इतके (एक प्रत). सिद्धांत निर्विवाद होता. देवाने सर्व माणसे आपल्या प्रतिरूपात घडवली. सबब दुसऱ्या वंशाच्या माणसाशी आदराने हात मिळवावा. हात मिळवल्यास एक चमकीची चांदणी, हसून मिळवल्यास दोन. शेवटच्या दिवशी सर्वाधिक चांदण्यांना दप्तर. उणीव एवढीच होती की गावात दुसरा वंश उपलब्ध नव्हता.

शाळेचे संचालक सॅम्युअल सर पद्धतशीर गृहस्थ आहेत. गावाबाहेरच्या वीटभट्टीवर कामाला आलेल्या जालमसिंग यांची मुलगी रिना, वय दहा, मूळ राहणार तोरणमाळ, त्यांनी शोधून काढली. वंशनिश्चितीसाठी हार्डवेअरच्या दुकानातून रंगांचे शेडकार्ड मागवण्यात आले. रिनाच्या आणि सरांच्या मनगटाची शेड एकच निघाली. कोपराजवळ तर सर एक घर पुढे होते. (निष्कर्ष गृहीतकाशी जुळला नाही तर उपकरण बदलावे, ही प्रथा प्रयोगशाळांनाही अपरिचित नाही.) त्यामुळे रंगाचा निकष रद्द करून समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा निकष स्वीकारण्यात आला. हजार मीटरच्या वरून खाली उतरलेली व्यक्ती भिन्न वंशाची मानावी, असा ठराव एकमताने संमत झाला.

रिनाचे येण्याचे कारण निराळे होते. जूनमध्ये ती आश्रमशाळेत पाचवीत जाणार होती आणि दप्तर फळ्याशेजारी खिळ्याला टांगलेले होते. निळे, दोन कप्प्यांचे.

रोज सकाळी तिला स्टुलावर बसवण्यात येई. सेहेचाळीस मुले रांगेने येत, प्रत्येकी सरासरी अकरा सेकंद आदर करीत आणि पुढे सरकत. रांगेच्या शेवटी साबण आणि पाण्याची बादली होती. (ही सोय निव्वळ आरोग्याच्या दृष्टीने होती. इतर कोणत्याही रांगेला आरोग्याची गरज भासली नाही.) पहिल्या आठवड्यातच सरांची कन्या प्रिस्किला चौदा चांदण्यांसह आघाडीवर होती, कारण ती रोज हसे.

खिचडीच्या वेळीही रिना स्टुलावरच असे, कारण पंगतीत मिसळल्यास नमुना ओळखू आला नसता. यावर स्वयंपाक करणाऱ्या भिकुबाईंनी अशास्त्रीय हरकत घेतली.

"सर, तिले बी पोरेससंगे बसू द्या ना. बाजारमा आनेल बकरी शे का ती?"

"मावशी, ती आपली पाहुणी आहे."

"पाहुनी शे, तं पहिलं ताट तिन्हं पाहिजे! रोज खुरचन येस तिन्हा वाटाले."

हरकतीची नोंद घेण्यात आली. खिचडीत बदल झाला नाही.

आठव्या दिवशी नमुन्याने तोंड उघडले.

"सर, माझ्या चांदण्या किती?"

"तुला कशाला चांदण्या, बेटा? तुझा तर सगळेच आदर करतात."

"मला दप्तर पाहिजे."

"दप्तर आदर करणाऱ्याला असतं. तू दुसऱ्या वंशाच्या कोणाशी तरी हात मिळव, लगेच चांदणी देतो."

"तुमच्याशी मिळवू?"

"आम्ही दुसरे कसे?" सर प्रामाणिकपणे म्हणाले. "आम्ही साधेच आहोत."

रिनाने टेबलावरचे पुस्तक घेतले आणि ती दुसरा वंश शोधू लागली. तेविसाव्या पानावर एका मुलीचे छायाचित्र होते: दोन वेण्या, सावळा रंग, मागे कुडाचे घर. खाली छापले होते, 'ही दूरच्या देशातली मुलगी. हिच्याकडे फार काही नाही, तरी ती हसते. हिचाही आदर करा.'

"ही तर प्रिस्किलासारखी दिसते," रिना म्हणाली.

सगळी मुले पानावर वाकली. कोणी म्हणाले, वेण्यासुद्धा तशाच. प्रिस्किला ओरडली, "मी नाही! आमच्याकडे फ्रिज आहे!" परंतु पुस्तकात ज्याचे चित्र तो दुसरा वंश, हे सरांनीच पहिल्या दिवशी शिकवले होते. रिनाने जाऊन प्रिस्किलाचा हात हातात घेतला. हसली. सूत्रानुसार दोन चांदण्या.

प्रिस्किला बराच वेळ रडली. मग बादलीकडे गेली.

दुपारी तातडीची बैठक झाली. तेविसावे पान छपाईतील दोष ठरवून बाविसाव्याला गोंदाने चिकटवण्यात आले. सदर वंशच अस्तित्वात नसल्याने रिनाच्या दोन्ही चांदण्या काढून घेण्यात आल्या. (एक निघता निघेना, ती नखाने खरवडावी लागली.) दहाव्या दिवशी दप्तर प्रिस्किलाला मिळाले. तिच्याकडे आधीची दोन होती. रिनाला 'सन्मानित' असे प्रमाणपत्र देण्यात आले. जूनमध्ये ती खताच्या गोणीची पिशवी घेऊन आश्रमशाळेत गेली. प्रमाणपत्र मोठे असल्याने चार घड्या घालाव्या लागल्या.

उपक्रमाचा अहवाल परदेशी पोहोचला असून प्रकाशक संतुष्ट आहेत. पुढील आवृत्तीसाठी त्यांनी या भागातील नवी छायाचित्रे मागवली आहेत. या वेळी कुडाचे घर नको आहे. सुशिक्षित माणूस हवा: आपल्या भाषेत वाचणारा, आणि दुसऱ्यांच्या अडाणीपणाला मनातल्या मनात हसणारा. तेव्हा वाचकहो, आहात तसेच बसून राहा. चेहऱ्यावरचे हसूही तसेच असू द्या. कुठल्या तरी दूरच्या देशातले एखादे मूल तुमच्यावर दोन चांदण्या कमावील, आणि नंतर हात धुवील.