एका रविवारी दोन पाहण्या

चिखलोलीच्या शंकररावांच्या घरात दोन विषय बरीच वर्षे विचाराधीन होते. एक, सेकंडहँड गाडी घेणे. दुसरा, चिरंजीव बुद्धभूषणचे लग्न करणे. गाडी नसल्यामुळे स्थळे येत नव्हती, आणि स्थळच पक्के नाही तर गाडी हवी कशाला, असे गयाबाईंचे म्हणणे होते. त्यामुळे दोन्ही विषय एकमेकांकडे बोट दाखवून आरामात पडून होते.

हा तिढा अंबरनाथच्या वधू-वर सूचक केंद्राच्या बाईंनी सोडवला. त्या म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे हो तुमचा. पण नुसत्या चांगल्या मुलांचा माझ्याकडे गठ्ठा पडलाय. गाडी असती तर वरती काढून ठेवला असता."

शंकरराव सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झाले होते. तपासल्याशिवाय घरात सुतळीही घ्यायची नाही, हा त्यांचा बाणा. त्यांनी तातडीने आदेश काढला: रविवारी सकाळी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गाडीची पाहणी, दुपारी बदलापूरला मांजर्लीत मुलीची पाहणी. एकाच इस्त्रीच्या शर्टात दोन्ही कामे उरकतील, असा काटकसरीचा मुद्दा गयाबाईंनी मांडला आणि तो एकमताने संमत झाला. बुद्धभूषणचे मत विचारायचे राहून गेले. ते नेहमीच राहून जायचे.

कॅम्प चारमध्ये जुन्या गाड्या विकणाऱ्या लछमनसेठने गाडीवरचे कव्हर अलगद वर केले. आत पांढरी, छोटी, नाकीडोळी नीटस गाडी उभी होती. बुद्धभूषण नकळत एक पाऊल पुढे सरकला.

"सिंगल हँड, साहेब," सेठ म्हणाला. "कल्याणच्या डॉक्टरणीची होती. घर टू दवाखाना, दवाखाना टू घर. बाहर का रास्ता मालूमही नहीं इसको."

"घरंदाज आहे," गयाबाई म्हणाल्या.

"मग विकली का?" शंकररावांनी जबडा पुढे काढून विचारले.

"डॉक्टरीण दुबई गेली ना. रोते रोते गई."

मग शंकरराव मुख्य मुद्द्याला आले. मोठ्या पुरानंतरचे ते दिवस होते आणि पाण्यात बुडालेल्या गाड्या पुसूनबिसून विकायचा धंदा जोरात होता. सेठने आईची शपथ घेतली. शंकररावांचा शपथेवर विश्वास नव्हता, नाकावर होता. ते गाडीत अर्धे शिरले आणि पायाखालची चटई, सीटचे कोपरे, डिकी असे सगळे क्रमाने हुंगून आले. सोबत आणलेला मिस्त्री पाठीवर झोपून गाडीखाली गेला. इंजिन चालू करून, बंद करून, परत चालू करून ऐकण्यात आले.

"नुसत्या रंगावर जाऊ नका साईं," सेठ म्हणाला. "चलाके देखो. जिंदगी का सवाल है."

बुद्धभूषणने शिवमंदिरापर्यंत एक फेरी मारली. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. बोनेटवर हात ठेवून त्याने घाबरत विचारले, "हिला अजून कोणी बघून गेलंय का?"

"दोन पार्टी येऊन गेल्या."

बुद्धभूषणला त्या दोन्ही पार्ट्यांचा मनापासून राग आला.

सकाळ अशी संपली. तरीही शंकररावांचे समाधान होईना. शेवटी सेठच म्हणाला, "आजचा दिवस घेऊन जा, फिरवा. पसंत नाही पडली तर उद्या परत. मेरी गाडी है, भाग के थोडी जाएगी." त्याच गाडीतून मंडळी मांजर्लीत उतरली, आणि गाडी अजून पाहणीवरच आहे हे गयाबाईंनी दारातच सांगून टाकले.

मुलीचे नाव अस्मिता. नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवत होती. जय भीम, जय भीम झाले. भिंतीवरच्या तसबिरींखाली बसून शंकरराव आणि मुलीचे वडील भगवंतराव यांनी समता या विषयावर थोडे बोलून घेतले. शंकरराव दर एप्रिलात या विषयावर भाषण करत, त्यामुळे मुद्दे तयार होते. मग पोहे आले आणि पाहणी सुरू झाली. नाव काय, शिक्षण किती, चष्मा कायमचा का, स्वयंपाक येतो ना.

शंकररावांची तंद्री अजून सकाळचीच होती. बोलता बोलता ते वाकले आणि त्यांनी सोफ्याचा कोपरा हुंगला.

अस्मिताने ते पाहिले. "पाणी आलं होतं," ती म्हणाली. "गळ्यापर्यंत. हा सोफा नवा आहे. आम्ही समोरच्यांच्या गच्चीवर होतो, आई तापाने फणफणलेली. अजून काही विचारायचंय त्याबद्दल?"

गाडीला पाणी लागले का, या एका प्रश्नावर अर्धी सकाळ गेली होती. मुलीच्या गळ्यापर्यंत आलेले पाणी पोह्यांबरोबर गिळून झाले. बशी खाली ठेवत शंकररावांनी जाहीर केले, "आम्हाला मुलगी पसंत आहे."

"गाडी पसंत पडली का तुम्हाला?" अस्मिताने विचारले.

"अहो, एवढ्यात कशी? चालवून बघितली, मिस्त्रीला दाखवली. आता संध्याकाळपर्यंत बघू. घाई करून कसं चालेल?"

"बरोबर आहे. मग मलाही घाई नको. यांच्याबरोबर एक फेरी मारू द्या. ते चालवतील, मी बघेन."

अशी तरतूद कोणत्याच रिवाजात नव्हती. पण भगवंतराव म्हणाले, "माझी काही हरकत नाही," आणि नुकतेच समतेवर बोलून बसलेल्या शंकररावांना हरकत घेता येईना. तेव्हा गयाबाईंनी दुरुस्ती सुचवली: दोघे एकटे नकोत, मागे मोठी माणसे बसतील. अशा रीतीने बुद्धभूषण आणि अस्मिता पुढे, आणि मागे शंकरराव, गयाबाई व भगवंतराव अंग चोरून बसले. गाडी नदीच्या पुलाकडे निघाली.

"सेकंड टाक," मागून शंकरराव म्हणाले. बुद्धभूषणने टाकला.

"हॉर्न दे रे, म्हैस आहे," गयाबाई म्हणाल्या. त्याने दिला.

"तुम्हाला काय आवडतं?" अस्मिताने विचारले.

"त्याला भेंडी आवडते," मागून उत्तर आले.

"सुट्टीच्या दिवशी कुठे जाता?"

"कुठ्ठे जात नाही!" शंकरराव अभिमानाने म्हणाले. "घर ते कंपनी, कंपनी ते घर. एक वाईट सवय नाही पोराला."

अस्मिता हसली. खळखळून, खिडकीकडे तोंड फिरवून. आणि त्या हसण्याने बुद्धभूषणचे जे झाले, ते सकाळी बोनेटवर हात ठेवूनसुद्धा झाले नव्हते. ही बाई आपल्या घरात रोज अशी हसली पाहिजे, असे त्याला फार आतून वाटले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काहीतरी स्वतःहून हवे होते.

पुलाच्या चढावर तिने हळू आवाजात विचारले, "लग्नानंतर माझी नोकरी चालू राहणार की नाही, हे कोण ठरवणार?"

उत्तर सोपे होते. 'तुम्ही' एवढेच म्हणायचे होते. शब्द त्याच्या ओठापर्यंत आलाही. पण सवयीने त्याची नजर वर, आरशात गेली. आरशात शंकरराव होते. ते विचार करत होते.

गाडी चढावर बंद पडली. मागून एका टेम्पोने शिव्या घातल्या.

"क्लच! क्लच!" शंकरराव ओरडले.

अस्मिता दार उघडून खाली उतरली. "गाडी चांगली आहे, घेऊन टाका," ती वाकून म्हणाली. "पण स्टेअरिंग तुमच्या हातात आणि गाडी चालते मागून. अशात मला नाही बसता येणार." तिने वडिलांना मागच्या सीटवरून सोडवले आणि बापलेक पुलावरून पायी घराकडे गेले. बुद्धभूषण त्यांच्याकडे बघत राहिला. उतरून मागे धावावे असे त्याला फार वाटले. "हँडब्रेक सोडू नको," मागून सूचना आली, आणि त्याने सोडला नाही.

घरी गेल्यावर बैठक झाली. मुलगी फार आवाज करते, असा शेरा मारून शंकररावांनी तो विषय निकालात काढला. आवाज गाडीचा सायलेन्सरही करत होता, पण तो दुरुस्त करून घेता येण्यासारखा होता. गाडी घेतली. तिला हार घातला, आळीत पेढे वाटले. बुद्धभूषण रविवारी ती मन लावून पुसतो. ती त्याला काही विचारत नाही.

केंद्राच्या बाईंनी शब्द पाळला. त्याचा फोटो गठ्ठ्यातून काढून वर ठेवला, खाली 'स्वतःची गाडी' असे ठळक लिहिले, आणि चिखलोलीत फोनची रीघ लागली. मुलगा स्वभावाने कसा आहे, हे एकानेही विचारले नाही. सगळ्यांनी मॉडेल विचारले. शंकररावांना त्यातला एक आवाज ओळखीचा वाटला. वाटणारच. तो तुमचाच होता. मुलीसाठी स्थळ बघताय म्हणालात, आणि एसी आहे का, एवढे विचारून फोन ठेवलात.

आहे. रविवारी या.