दत्तामामानं न दिलेला गोल

आमच्या घरात मिरवण्यासारखं एकच होतं, आबांचा उजवा पाय. बाकी दीड खोली आणि सहा माणसं. आबा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत साचे भरायचे. संध्याकाळी सायकलवरून उतरले की दात आणि डोळे तेवढे पांढरे. आई लोकांच्या घरी चपात्या लाटायची. पण रविवारी आबा पेठेची जर्सी घालून मैदानात उतरले आणि गोल मारून आले, की सोमवारी नळावर बायका आईची घागर आधी लावू द्यायच्या.

आणि हा पाय वाया घालवला तो आईच्या सख्ख्या भावानं.

दत्तामामा फुटबॉलचा पंच. गळ्यात शिट्टी आणि खिशात पिवळं कार्ड. मैदानात ठीक आहे हो, पण लग्नात, बाराव्याला आणि भाजी मंडईतसुद्धा. पंगतीत जबरदस्तीनं तिसरी जिलेबी वाढणाऱ्याला त्यानं कार्ड दाखवलेलं मी या डोळ्यांनी बघितलंय. एकदा पेठ वडगावच्या एसटीत खिडकीवरून दोघांची जुंपली. मामानं शिट्टी मारली, तशी ड्रायव्हरनं गाडीच उभी केली.

"ओ पावणं, गाडी कुणी थांबवली?" कंडक्टर म्हणाला.

"ह्या दोघांस्नी समज देतोय. दोन मिनिटं थांबा की."

कुणी वाद घातलाच तर त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "शिट्टी वाजली म्हंजे विषय संपला."

तर त्या फायनलची गोष्ट. नव्वदचं दशक. आमची पेठ विरुद्ध मामाची पेठ, म्हणजे आईचं माहेर. मामाचं घर तिकडं, बहीण इकडं; हा दोन्हीकडचा, म्हणून दोन्ही पेठांच्या तालमींनी, म्हणजे ज्यांचे संघ खेळायचे त्यांनी, पंच म्हणून त्यालाच मागून घेतलेला. एक-एक बरोबरी, खेळ संपत आलेला. आबांनी मारलेला बॉल वरच्या दांड्याला आतून लागला, रेषेच्या आत पडला आणि उसळून बाहेर आला. पार मागच्या शेंगदाणेवाल्यालाही दिसला. मामानं हात हलवला, "खेळा." पुढं पेनल्टीत आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी आमच्या चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं, 'पंचांना चष्मा भेट. मापासाठी तालमीत यावे.' मामाच्या पेठेनं त्यांच्या फळ्यावर उत्तर दिलं, 'गोल झोपेत मारू नयेत.' नळावर बायका म्हणू लागल्या, "दाजीचा गोल मेव्हण्यानंच खाल्ला की गं." घागर पुन्हा रांगेत गेली. त्याच वर्षी आबांचा गुडघा गेला, आणि ते पुन्हा कधी खेळले नाहीत.

आईनं मामाशी बोलणं टाकलं. येणं-जाणं नाही टाकलं, फक्त बोलणं. मामा दर रविवारी यायचा, हातभर अंतरावर बसायचा, आणि निरोप्या मी.

"पंचांना विचार, साखर किती."

"तुझ्या आईला सांग, नेहमीएवढीच."

भाऊबीजेला ती ओवाळायची, तेही भिंतीकडं बघत. मी बी.कॉम. झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर, तेव्हा मामा पेढे घेऊन आला. "आईला सांग, पोरीनं फायनल मारली."

"पंचांना सांग, हा गोल तरी दिसला म्हणायचा."

मामा पेढ्यांचा पुडा माझ्या हातात देऊन चहा न घेता गेला.

मग नव्या शतकात मामा पंचगिरीतून निवृत्त झाला. पुन्हा त्याच दोन पेठांची फायनल होती. सामन्याआधी मैदानात त्याचा सत्कार ठेवला; आबा, आई, आम्ही सगळे आमच्या पेठेच्या बाजूला बसलेलो. फेटा, शाल, श्रीफळ. चार शब्द बोला म्हणून माईक दिला.

"तो गोल होता," मामा म्हणाला.

कुठला गोल, हे कुणाला विचारावं लागलं नाही. त्याच्या पेठेतनं ओरड उठली, "मामा, बसा खाली."

"आरं बसतो की. आधी ऐका. मला दिसला होता. डोळं चांगलं हायत माझं. पण दाजींचा गोल दिला तर लोक म्हणणार, भैनीसाठी दिला. मी भ्यालो. त्या भ्यानं भैनीचंच घेतलं मी. आज देतोय."

एवढं बोलून त्यानं शिट्टी मारली आणि हात मैदानाच्या मध्याकडं केला, गोल दिल्यावर करतात तसा.

मग मामाच्याच पेठेतला त्या वेळचा गोलकीपर उठला, आता टक्कल पडलेला. "बॉल माझ्या टाचंजवळ आत पडलेला. मला कुणी इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय."

आमच्या बाजूला हलगी कडाडली. पोरांनी आबांना खांद्यावर घेतलं. सुटलेलं पोट, दुखरा गुडघा, सगळ्यासकट. दुसऱ्या बाजूनंही टाळ्या आल्या. आबा वरून लहान मुलासारखे हात हलवत होते.

आई मात्र गर्दी सारत सरळ मामाकडं गेली.

"दत्तू, मला सांगायचं न्हाईस व्हय रं? मी काय परकी?"

"तू दाजींना सांगितलं आसतंस."

"आसतं की," आई म्हणाली, आणि त्याचा कलंडलेला फेटा दोन्ही हातांनी नीट बसवायला लागली. मामाची मान खाली. इतकी वर्षं माणसांना समज देत फिरणारा तो माणूस पोरासारखा उभा होता.

कप अजून मामाच्या पेठेतच आहे, आणि तो मागायला कुणी गेलं नाही. पण तो गोल होता आणि तो आबांनी मारला होता, हे आता दोन्ही पेठा मान्य करतात.