म्हशी, मुंगसं आणि वरचं तळं

एका जंगलात, बाळांनो, शिट्टी वाजली की वाघसुद्धा थांबत असे. कारण तिथे फुटबॉलची लीग होती.

खरं म्हणजे दोन लीग होत्या. वरची लीग कुरणावर खेळायची. तिथे मऊ गवत होतं आणि गवताच्या कडेला एक मोठं, गार तळं होतं. खालची लीग माळावर खेळायची. तिथे दगड होते, आणि दगडांच्या कडेला आणखी दगड होते.

वरच्या लीगमध्ये सहा संघ होते. वाघ, रानडुकरं, कोल्हे, माकडं, साळिंदरं आणि म्हशी. हेच सहा का, असं विचारताय ना? सांगते. लीग सुरू करायची पहिली सभा तळ्याकाठी भरली, तेव्हा हे सहा जण हजर होते. पाच जण चालत आले होते. म्हशी आधीपासून तळ्यातच होत्या.

तेव्हापासून ते सहा वरचे आणि बाकीचे खालचे. वरचा कितीही हरला तरी वरच राहायचा. खालचा कितीही जिंकला तरी त्याला टाळ्या मिळायच्या.

म्हशींची कप्तान होती भुरीमावशी. स्वभावाने गरीब, मनाने हळवी. कुणाचं वाईट झालेलं तिला बघवत नसे. तिचा संघ दरवर्षी शेवटचा यायचा, पण त्याचं तिला फारसं वाईट वाटत नसे, कारण तो शेवटचा का येतो हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

सामन्याचा पहिला अर्धा भाग म्हशी बऱ्या खेळत. मग मध्यंतर होई. बाकीचे संघ लिंबू चोखत. म्हशी तळ्यात उतरत. पंच होते बगळेमास्तर. तेही भुरीमावशीबरोबर येत आणि तिच्या पाठीवर उभे राहून गोचिडं टिपत. त्यामुळे दुसऱ्या भागाची शिट्टी थेट तिच्या कानाशीच वाजत असे.

"मावशी, चला," मास्तर म्हणत.

"आलेच," भुरीमावशी डोळे न उघडता म्हणे.

ती डोळे उघडायची तेव्हा संध्याकाळ झालेली असे आणि समोरच्या संघाचे चौदा गोल.

एके दिवशी तळ्याच्या काठाशी मुंगसांचा कप्तान आला. त्याचं नाव सर्जेराव. अंगाने वीतभर, पण नाव लांबरुंद. माळावरच्यांना तळ्याला पाय लावायची परवानगी नव्हती, म्हणून तो जरा लांबच उभा राहिला.

"मावशी, नऊ वर्षं झाली. खालच्या लीगमध्ये आम्हीच पहिले येतोय."

"छान की रे."

"छान काय त्यात? पहिलं येऊन जायचं कुठे? पुन्हा त्याच दगडांवर." त्याने एक पाय वर केला. तळवा सोलून निघाला होता. "हे बघा. पोरांचे तर याहून वाईट आहेत. बुडवायला पाणी नाही कुठे."

भुरीमावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तळ्यात असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही, पण आलं हे खरं.

पुढच्याच सभेत ती बोलायला उठली. सभा तळ्याकाठीच भरायची आणि तिथला नियम असा होता, की बोलायचं किंवा मत द्यायचं तर पाण्याबाहेर येऊन उभं राहायचं. भुरीमावशी उभी राहिली. सगळ्या जंगलाने तोंडात बोट घातलं. थंडीचे दिवस होते आणि पाणी बोचत होतं, हेही सांगायला हवं.

"खालचा पहिला येईल त्याला वर घ्यावं," ती म्हणाली, "आणि वरचा शेवटचा येईल त्याने खाली जावं. न्याय तो न्याय."

अध्यक्ष अस्वलकाकांनी डोकं खाजवलं. "शेवटचं कोण येतं, याचा विचार केलाय का, बाई?"

"कुणी का असेना. न्यायात आपला-परका बघायचा नसतो."

टाळ्या वाजल्या. सहाही संघ उभे राहिले आणि नियम झाला. दूर माळाच्या टोकाला मुंगसं शेपट्या फुलवून नाचली. भुरीमावशीला चार दिवस स्वतःचा फार अभिमान वाटला.

पाचव्या दिवशी तिची धाकटी जाऊ चांदरी म्हणाली, "जाऊबाई, शेवटच्या आपणच असतो ना?"

"आपण? काहीतरीच तुझं. साळिंदरं आहेत की."

"साळिंदरांचे सामने बरोबरीत सुटतात."

ते खरं होतं. साळिंदरं चेंडूच्या जवळ गेली की तो फुटे. चेंडू फुटला की सामना बरोबरीत आणि एक गुण पदरात. त्या वर्षी चारपैकी दोन सामन्यांत चेंडू फुटला होता. साळिंदरांचे दोन गुण झाले होते. म्हशींचे शून्य. जिंकणाऱ्याला तीन मिळायचे, आणि शेवटचा सामना होता म्हशी विरुद्ध साळिंदरं. हरणारा माळावर जाणार होता.

भुरीमावशीने तळ्याकडे पाहिलं. त्या पाण्यात तिची आई बसली होती, आजी बसली होती. माळावर पाण्याचा थेंब नव्हता.

सामन्याआधी तिने साऱ्या म्हशींना गोळा केलं. "आज कुणीही तळ्यात उतरायचं नाही. शपथ आहे माझी."

साऱ्यांनी शपथ घेतली. आणि काय सांगू, म्हशी अशा खेळल्या, की बगळेमास्तर शिट्टी तोंडात धरून बघतच राहिले. चांदरीने डोक्याने गोल केला. मध्यंतराला म्हशी एक, साळिंदरं शून्य.

ऊन मात्र कडक होतं.

"जाऊबाई, नुसते पाय ओले केले तर?" चांदरी म्हणाली.

भुरीमावशीने विचार केला. शपथ उतरण्याबद्दल होती, पायांबद्दल नव्हती. "नुसते पाय हं," ती म्हणाली.

पाय ओले झाले. मग गुडघे. गुडघे ओले झाल्यावर पोट कोरडं ठेवणं बरं दिसेना. तळं आपलं हातचं जाणार, या विचाराने तर भुरीमावशीला भरूनच आलं, आणि त्याला एकदा शेवटचं नीट भेटून घ्यावं म्हणून ती मानेपर्यंत आत गेली.

कानाशी शिट्टी वाजली. "मावशी, आज तरी चला. नंतर मला बोल लावाल."

"आलेच, मास्तर."

मैदानावर साळिंदरं एकटीच होती. ती घाईत नव्हती. चेंडू फुटू नये म्हणून नाकाने हळूहळू ढकलत ती रिकाम्या गोलात जात आणि परत येत. संध्याकाळी साळिंदरांचे सात गोल झाले होते, म्हशींचा एकच.

म्हशी माळावर गेल्या आणि मुंगसं कुरणावर आली.

माळावर मध्यंतर झालं, की म्हशी सवयीने इकडेतिकडे पाहत. बसायला काही नव्हतं. दगड तापलेले असत. मग त्या उभ्याच राहत. उभंच राहायचं तर खेळलेलं बरं, म्हणून दुसऱ्या भागात खेळत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दुसरा भाग पाहिला. तो त्यांना बराच लांब वाटला.

आणि त्या जिंकू लागल्या. म्हैस अंगावर आली की ससे, घोरपडी, तरस, सगळे वाट सोडत. वर्षअखेरीला म्हशी खाली पहिल्या आल्या. वर साळिंदरं शेवटची आली, कारण कुणीतरी जाड रबराचा चेंडू आणला होता. नियमाप्रमाणे साळिंदरं खाली गेली आणि म्हशी वर आल्या.

"बघितलंस चांदरे," भुरीमावशी म्हणाली, "किती चांगला नियम केला मी."

खाली दुसऱ्या आलेल्या सशांचा कप्तान तिला निरोप द्यायला वेशीपर्यंत आला. लंगडत होता. "मावशी, पुढच्या साली आमचा नंबर. नियम तेवढा जपा."

"अरे, म्हणजे काय. जिवापाड जपीन." आणि तिने ते मनापासून म्हटलं.

कुरणावर पोहोचल्या तो सभा भरलेलीच होती. चैत्र सरला होता आणि ऊन मी म्हणत होतं. म्हशी सरळ तळ्यात गेल्या. वर्षाने भेट होत होती.

सभेत सर्जेराव मुंगूस बोलत होता. त्याला आता पोट सुटलं होतं. "हा वर-खालीचा नियम रद्द करावा. खेळाला स्थैर्य हवं. कुरणाची काही परंपरा आहे."

"अरे, पण तुझे ते पाय?" भुरीमावशीने पाण्यातूनच विचारलं.

"पाय आता बरे आहेत, मावशी."

अस्वलकाकांनी पुकारा केला. "नियम राहावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी उभं राहावं. सहांपैकी चार संघ हवेत."

वाघ उभे राहिले. त्यांना कशाचीच भीती नव्हती. रानडुकरं राहिली. कोल्हे राहिले, कारण उभं राहिलेलं लोकांना दिसतं. माकडं जेमतेम पाचवी आली होती, ती फांदीला घट्ट धरून बसली.

तीन झाले. सगळ्यांनी तळ्याकडे पाहिलं.

भुरीमावशीला सशाचा लंगडा पाय आठवला. तिचं मन केव्हाच उठून काठावर उभं राहिलं होतं. पाणी मानेशी हळूच हलत होतं.

"मावशी," पाठीवरून बगळेमास्तर म्हणाले, "उठताय ना? फक्त उभंच राहायचंय."

"आलेच, मास्तर."

त्या वर्षी माळावर ससे पहिले आले. त्यांना टाळ्या मिळाल्या. सगळ्यांत जोराने शेपटी आपटून शाबासकी दिली ती तळ्यातून भुरीमावशीने.

तात्पर्य : न्यायाची सभा थंडीत घ्यावी. उन्हाळ्यात चांगल्या मनाची मंडळी पाण्यात असतात.