जावयाच्या गाडीखाली धोटेभाऊ

धोटेभाऊ कुणाच्याही घरी गेले की लगेच बसत नाहीत. दारातच उभे राहतात, मान तिरकी करतात, डोळे मिटतात आणि घरातल्यांना गप्प राहायची खूण करतात. मग जाहीर करतात, "फुसफूस आहे."

आणि ती असतेच. कधी गॅसच्या नळीत, कधी कुकरच्या रिंगेत, कधी सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये. आमच्या मुलीच्या बारशाला त्यांनी पाळण्यावरचे सगळे फुगे उतरवायला लावले होते. त्यातला एक हवा सोडत होता आणि कोणता ते कळेपर्यंत नाव ठेवू देईनात.

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये ते समोरच्या क्वार्टरमध्ये राहत. मूळचे नागपूरचे. कारखान्यात तयार होणाऱ्या मोठमोठ्या टाक्या कुठे गळतात का, हे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. खात्यात यंत्रं होती, पण भाऊंचा भरवसा स्वतःच्या कानावर आणि साबणाच्या फेसावर. माणसांनाही तेच माप. नवा साहेब आला की म्हणायचे, "माणूस बरा आहे, पण कुठून तरी हवा जाऊन राहिली."

त्यांची एकुलती एक मुलगी मृणाल. इंदूरला नोकरी करता करता तिनं स्वतःच लग्न ठरवलं. भाऊंनी नाही म्हटलं नाही, पण पुढे बरेच दिवस कुणाशीच धड बोलले नाहीत. शेवटी एका रविवारी तिनं मुलाला घरी आणायचं ठरलं आणि आधाराला म्हणून मला बोलावणं आलं.

मुलगा दिसायच्या आधी, आनंद नगरच्या वळणापासूनच, ऐकू यायला लागला. कॉलनीतली कुत्री उठून उभी राहिली. शेजारचे तिवारीजी गॅलरीत येऊन ओरडले, "अरे भाई, ट्रक घुस आया क्या?" घरघरत एक छोटी लाल गाडी फाटकाशी येऊन थांबली. मुलाचं नाव निनाद. त्यानं ते सार्थ केलं होतं.

झालं होतं असं. इंजिनाचा धूर मागे नेणारा मूळचा नळ काढून त्यानं बाजारातला जाड डाउनपाइप बसवून घेतला होता आणि त्याला एक कटआउट. कटआउट म्हणजे सायलेन्सरच्या अलीकडे नळाला पाडलेली खिडकी. बटण दाबलं की ती उघडते आणि आवाज सायलेन्सरला टाळून थेट बाहेर पडतो. सासुरवाडीला येताना पोरानं शहाणपणानं ती बंद केली होती. पण ती नीट मिटत नव्हती.

निनाद नमस्काराला वाकला. भाऊंचा आशीर्वादाचा हात अर्ध्यावर थांबला. मान तिरकी झाली.

"इंजिन बंद करायची घाई कशाला केली?" ते म्हणाले. "पुन्हा चालू करा."

"काका, कटआउट बंद केलाय मी. सच्ची."

"तुम्ही केला. तो झाला नाही."

आणि ते ताडकन आत निघून गेले. मृणालचे डोळे भरून आले. धोटेवहिनींच्या हातातली पोह्यांची बशी हातातच राहिली. तेवढ्यात भाऊ बाहेर आले ते बनियन-लुंगीवर, हातात सतरंजी, टॉर्च आणि साबणाच्या पाण्याचा मग घेऊन.

नळ गार होईपर्यंत त्यांनी सगळ्यांना ताटकळत ठेवलं. मग वहिनींचा व्हॅक्यूम क्लीनर उलटा जोडून मागच्या नळकांड्यातून हवा सोडली आणि सांध्यांवर फेस लावत गाडीखाली शिरले. मागोमाग क्रीम रंगाचा नवा कुर्ता घालून निनादही शिरला. बाहेर नुसते पाय दिसत होते.

"अहो, घरी कोण कोण असतं ते विचारा!" वहिनी वाकून कुजबुजल्या.

"सांध्यात गॅस्केट कोणतं लावलं होतं?" खालून प्रश्न आला.

"दुकानदारानं दिलं ते."

"जळून गेलं. हे पाहा बुडबुडे. इथे, आणि झडपेच्या कडेलाही."

मृणालला राहवेना. "बाबा, तुम्ही त्याच्याशी दोन शब्द तरी बोलणार आहात का?"

काजळीनं माखलेलं डोकं बाहेर आलं. "बोलूनच तर राहिलो न! या फटीतला धूर गाडीच्या आत जातो. वास नाही आला तुला? तू याच गाडीत बसतेस न?"

भाऊंचं डोकं परत आत गेलं.

संध्याकाळी हात धुताना त्यांनी मला निकाल सांगितला. "पोरगा चांगला आहे. चूक दाखवली तर वाद नाही घालत, पाना हातात देतो."

दुसऱ्या दिवशी सासरे-जावई गोविंदपुऱ्यातल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन पत्र्याच्या थरांचं गॅस्केट घेऊन आले. कटआउटच्या तोंडावर झाकणपट्टी बसवून भाऊंनी नट आवळले आणि ताकीद दिली, "गरम-गार होऊन हे ढिले होतात. मधून मधून गाडी इथे आणायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही."

लग्न झालं. गाडी मधून मधून येत राहिली. भाऊ सतरंजी टाकून खाली शिरायचे आणि मृणाल शेजारी वेताच्या मोढ्यावर बसायची. घरात समोरासमोर बसले की या बापलेकीचं बोलणं "जेवलीस का?"च्या पुढे जात नसे. गाडीखालून मात्र भाऊ मोकळे व्हायचे. तिच्या ऑफिसातल्या कुरबुरी विचारायचे, स्वतःचं दुखणंखुपणं सांगायचे, एकदा तर हसता हसता त्यांना ठसका लागला. मी व्हरांड्यात पेपर घेऊन बसायचो आणि एकही ओळ वाचायचो नाही.

एकदा गाडी इंदूरला निघून गेल्यावर मी म्हटलं, "भाऊ, दर वेळी हा खटाटोप कशाला? ते तोंड वेल्ड करून टाका. कायमची कटकट मिटेल."

"मिटली असती," ते म्हणाले. "वर्कशॉपवाला त्याच दिवशी करून देत होता. मीच नको म्हटलं."

"का?"

गाडी वळली होती त्या रस्त्याकडे त्यांनी पाहिलं.

"मग ती येईल कशाला?" असं म्हणून त्यांनी सतरंजी झटकली आणि तिची घडी घालायला लागले.