मूळ गवत

ऑस्टरमेडच्या फुटबॉल मैदानावर घरं बांधायचा प्रस्ताव नगरपालिकेने मांडला, तेव्हा गावात कुणी आरडाओरडा केला नाही. नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या या गावात रागावण्यापूर्वी बैठक घ्यायची पद्धत आहे. बैठकीत कॉफी मिळते, कॉफीबरोबर एक बिस्कीट मिळतं आणि लगेच डब्याचं झाकण लागतं. एका बिस्किटावर माणूस जितका रागावू शकतो, तितकं गाव रागावलं.

क्लबच्या कँटीनमध्ये भरलेल्या या बैठकीत असं निष्पन्न झालं, की प्रस्तावाच्या शेवटी एक पळवाट आहे. 'जतन करण्याजोगा इतिहास' सिद्ध झाला, तर जागेला हात लावता येणार नाही. क्लब शंभरीला आलेला. म्हणजे इतिहास असणारच. फक्त तो लिहायला माणूस हवा होता. अशा कामांना माणूस निवडण्याचीही इथे पद्धत आहे. जो त्या क्षणी लघवीला गेलेला असतो, तो एकमताने निवडून येतो. हार्मेन विंकेल हात पुसत परतला, तर सगळे टाळ्या वाजवत होते.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"अभिनंदन, इतिहासकार!" अध्यक्ष लीडेवाय म्हणाली. "काहीतरी झकास लिही आता."

"अगं, मी बस चालवतो!"

"मग? रोज त्याच रस्त्याने जातोस आणि त्याच रस्त्याने परत येतोस. इतिहास म्हणजे दुसरं काय असतं?"

हार्मेन क्लबच्या ज्येष्ठ संघाचा गोलकीपर. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, आणि पोट असं, की अर्धा गोल आपोआप अडायचा. शनिवारी दुपारी दीड वाजता चर्चकडच्या गोलात उभं राहायचं, चार-पाच गोल खायचे, बचावफळीतल्या बाउकेच्या नावाने शिमगा करायचा आणि मग त्याच बाउकेच्या शेजारी बसून मोहरी लावून गरम क्रोकेट, म्हणजे मांसाचे तळलेले रोल, खायचे, याखेरीज आयुष्याकडून त्याचं काही मागणं नव्हतं. त्याचा बापही त्याच गोलात उभा राहायचा. हे मैदान गेलं तर शनिवारी आपण कुठे उभं राहायचं, या विचाराने त्याला खरोखर भीती वाटली. म्हणून तो लिहायला बसला.

खरा इतिहास अर्ध्या पानात आटोपला. १९२४ साली गावच्या बँडमध्ये भांडण झालं आणि ज्यांच्या हाती वाद्यं लागली नाहीत, त्यांनी फुटबॉल क्लब काढला. क्लबचं नाव ठेवलं 'एकोपा'. मैदान म्हणजे गाईचं कुरण. गाय खेळाच्या वेळीही चरायची. १९३१ साली शेजारगावाचा शेवटचा फटका गोलरेषेच्या अलीकडे शेणात रुतला आणि ऑस्टरमेडला करंडक मिळाला. पुढे नुसती हार.

अर्ध्या पानावर मैदान वाचण्यासारखं नव्हतं. मग हार्मेनने हात सैल सोडला. बँडमधल्या भांडणाची सांस्कृतिक चळवळ झाली. त्या गाईला क्लाझिना हे नाव आणि बाराव्या खेळाडूचा मान मिळाला. शेवटी तर तो इतका भारावला, की लिहून गेला, 'आमचे आजे-पणजे ज्यावर धावले, तेच हे मूळ गवत.' ते गवत तीन वर्षांपूर्वी त्याने आणि बाउकेने पेरलं होतं. बियाण्याच्या पिशवीवर तंबू ठोकायच्या मैदानांसाठी उत्तम असं छापलेलं होतं.

वारसा विभागाच्या अधिकारी योरिंडेबाई पाहणीला आल्या. त्या गुडघे टेकून बसल्या, त्यांनी गवतावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"शंभर वर्षं!" त्या म्हणाल्या. "आणि अजून इतकं हिरवं!"

बाउके हार्मेनच्या कानाशी लागला. "बाई रडतेय रे. पिशवी अजून माझ्या शेडमध्ये पडलीय."

"गप बस. मैदान वाचतंय."

मैदान वाचलं. ते संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झालं. त्या संध्याकाळी कँटीनमध्ये बिस्किटांचा डबा उघडाच राहिला, यावरून आनंदाची कल्पना यावी.

पुढच्या शनिवारी ज्येष्ठ संघ आला, तर फाटकावर पाटी होती. मूळ गवताला इजा पोहोचत असल्याने खिळ्यांच्या बुटांना मनाई. सगळे सपाट बूट घालून खेळले. मग धावायला मनाई आली. ज्येष्ठ संघाच्या खेळात त्यामुळे कसलाही फरक पडला नाही. मग चेंडूच्या आघातांबद्दल तज्ज्ञांचा अहवाल आला आणि चेंडू बंद झाला. हार्मेन तडक योरिंडेबाईंच्या कार्यालयात गेला.

"अहो, मग आम्ही खेळायचं कसं?"

"खेळायचं?" बाई दचकल्या. "स्मारकावर?"

"ते फुटबॉलचं मैदान आहे!"

"नंतर झालं. तुम्हीच लिहिलंय की, गाय तिथे क्लबच्या आधीपासून चरत होती. म्हणजे मूळ वापर गाईचा. तुम्ही मंडळी म्हणजे नंतरचं वाढीव बांधकाम. वाईट वाटून घेऊ नका, फार सुंदर वाढीव बांधकाम आहे."

"म्हणजे आता गाय आणणार?"

"आणणारच होतो. पण जिवंत गाय म्हटली की शेणामुतातून नायट्रोजनचं प्रदूषण, त्याचा परवाना लागतो आणि तो हल्ली कुणालाच मिळत नाही. म्हणून प्लास्टिकची येतेय."

हार्मेनच्या जिभेवर बियाण्याच्या पिशवीची गोष्ट आली होती. पण गवत नवं म्हटलं, की स्मारक रद्द. स्मारक रद्द, की घरं. खोटं बोलावं तर खेळता येत नव्हतं आणि खरं बोलावं तर मैदानच राहत नव्हतं. तो कॉफी पिऊन घरी आला.

प्लास्टिकची क्लाझिना चर्चकडच्या गोलात उभी राहिली. तिच्या मागे ते ऐतिहासिक शेण, तेही प्लास्टिकचं. क्लबची मात्र भरभराट झाली. खेळायची सक्ती नसल्याने सभासद दुप्पट झाले. कुणाचे पाय मुरगळेनात, पंचांशी भांडणं होईनात.

"या मोसमात आपण एकही गोल खाल्लेला नाही," लीडेवाय म्हणाली. "तू उभा होतास तेव्हा झालं होतं का कधी असं?"

हे त्याला फार लागलं.

शतकमहोत्सवाला महापौर आले, पाहुणे आले. गवतासाठी सगळ्यांनी बूट फाटकाबाहेर काढले आणि मोज्यांवर आत रांगेत उभे राहिले. हार्मेनने बापाची जुनी जर्सी घातली होती. आपल्या इतिहासातला एक उतारा त्याने वाचायचा होता. त्याने कागद उघडला, समोर गोलाकडे पाहिलं. त्याच्या जागेवर गाय उभी होती. त्याने कागद खिशात घातला.

"खोटं आहे हे सगळं!" तो ओरडला. "गवत मी पेरलंय, तीन वर्षांपूर्वी! बाउके, आण रे ती पिशवी!"

बाउके खरोखरच मोज्यांवर धावत गेला आणि शेडमधून पिशवी घेऊन आला. हार्मेनने ती सगळ्यांसमोर उंच धरली. "हे बघा! बांधा काय घरं बांधायची ती. पण त्याआधी एक शनिवार मला तिथे उभं राहू द्या. मला एवढंच हवं होतं रे!" आणि तो ढसाढसा रडायला लागला.

महापौरांनी डोळे पुसले आणि टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. योरिंडेबाई तर हुंदके देत होत्या.

"किती जिवंत!" त्या म्हणाल्या. "वारशाबद्दल शंका घेणारी लोकपरंपराही इथे टिकून आहे! ही जपलीच पाहिजे."

ती जपली गेली आहे. पिशवी कँटीनमध्ये काचेच्या पेटीत ठेवली आहे. बाउके जी घेऊन धावतो, ती तिची नक्कल. दर शनिवारी दुपारी दीड वाजता हार्मेन गाईसमोर उभा राहतो आणि हे सगळं खोटं आहे असं ओरडून सांगतो. तो दर वेळी मनापासून ओरडतो. दर वेळी त्याला वाटतं, आज तरी कुणीतरी ऐकेल. गेल्या आठवड्यापेक्षा आज रडणं कमी जमलं, असं पुढच्या रांगेतली जाणकार मंडळी म्हणतात.

तुम्हीही या एकदा. बूट फाटकाबाहेर काढायचे, आत कशाला हात लावायचा नाही, आणि कुणी गळा फाडून खरं सांगायला लागलं, की टाळ्या वाजवून घरी जायचं. तुम्हाला यातलं काही नव्याने शिकवावं लागणार नाही.