तीनदा विचारा

मंगळवारी दुपारी हॅनराहनच्या पबात बाबा माझ्यासमोर बसले होते आणि मासळीच्या सूपला नाही म्हणत होते.

"सूप आणू का, फिंटन?" पबचा मालक कॉलम हॅनराहन विचारत होता.

"छे, छे."

"थोडंसं?"

"उगाच कशाला त्रास."

"अरे, घे की."

"बरं. आता एवढा आग्रहच करतोयस तर."

दोन वाडगे आणि अर्धा पाव संपवून बाबा मला म्हणाले, "मी गेलो की सगळ्यांना इथेच जेवायला घाल, ग्रॉन्या. कुणी उपाशी घरी गेलं तर शवपेटीतून उठून येईन."

"तुम्ही कुठे जाताय एवढ्यात," मी म्हटलं.

बुधवारी सकाळी बूट चढवता चढवता ते गेले.

तर शुक्रवारी दफनानंतरचं जेवण मी असं आखलं होतं, की आमच्या किनाऱ्यावर पुढची दहा वर्षं त्याचे दाखले दिले गेले असते. चाळीस माणसं. खारवलेलं डुकराचं मांस, कोबी, बटाटे. कोण कुठे बसणार, कुणाशेजारी कुणाला बसवायचं नाही, सगळं कागदावर. कागदावर फक्त जुसारा नव्हती. ती ब्राझीलहून आलेली, आणि पबात वाढायच्या कामाला लागून तिला तीनच दिवस झाले होते.

मी दारात उभी राहून हात मिळवत होते. "कशी आहेस?" "बरी आहे." हे चाळीस वेळा. तेवढ्यात आत जुसारा टेबलाटेबलाशी जाऊन विचारत होती, "जेवणार का?"

"नको गं पोरी, चहा पुरे."

"माझ्यासाठी काही करू नकोस हं."

चाळीस माणसं नाही म्हणाली आणि जुसाराने चाळीसही जणांवर विश्वास ठेवला. तिने स्वयंपाकघरात निरोप दिला, कुणी जेवणार नाही, फार दुःखात आहेत बिचारे. त्याच वेळी पायी भटकायला निघालेले बसभर जर्मन पावसात निथळत मागच्या दाराने आत आले. जुसाराने त्यांनाही विचारलं. ते एका सुरात हो म्हणाले.

मी आत आले तेव्हा आमची माणसं चहाचे कप धरून चिडीचूप बसली होती. पलीकडे जर्मन जेवत होते. टेनिसचा सामना पाहावा तशी चाळीस डोकी काट्यांबरोबर ताटाकडून तोंडाकडे फिरत होती.

"सगळं कसं छान झालं," ब्रीडआत्या म्हणाली. ती बाबांची थोरली बहीण, वय ब्याऐंशी.

"आत्या, तू जेवलीस?"

"मला काय, चहा आहे की."

"अगं, ते आपलं जेवण आहे."

"माहीत आहे. बघतेय मघापासून. त्या टोपीवाल्याने दुसऱ्यांदा कोबी घेतला."

"मग कुणी बोललं का नाही?"

"लांबून आलेत गं ते. बरं दिसतं का?"

बाबांनी एकच गोष्ट सांगितली होती. मी तडक स्वयंपाकघर गाठलं.

"मी प्रत्येकाला विचारलं होतं," जुसारा रडवेली झाली होती. "नाही म्हणाले."

"एकदाच विचारलंस?"

"मग किती वेळा विचारायचं माणसाला?"

"तीनदा," मी आणि कॉलम एकदमच म्हणालो.

"आणि जर्मनांना?"

"त्यांना एकदा," कॉलम म्हणाला.

दोन वेड्यांकडे पाहावं तशी ती आमच्याकडे पाहत राहिली.

"मांस संपलं," कॉलमने मान खाजवली. "बटाटे आहेत. आणि मागे धक्क्याला फिंटनची खेकड्यांची पेटी पाण्यात बुडवून ठेवलेली आहे. सोमवारी त्यानेच पकडलेले. मला हात लावायला धीर होत नव्हता."

"जिवंत आहेत?"

"आपल्यापेक्षा जास्त."

अर्ध्या तासात उकडलेले खेकडे, वितळलेलं लोणी आणि वाफाळते बटाटे बाहेर आले. जुसारा आता एका दमात विचारत होती, "जेवणार का, जेवणार का, जेवणार का?" आणि आता ती कुणाच्याही नकारावर विश्वास ठेवायला तयार नव्हती. फादर कीव्हनी खरोखरच दुसऱ्या एका दफनाहून जेवून आले होते. त्यांनाही तिने दोन खेकडे खायला लावले. आत्या बुटाच्या टाचेने नांगी फोडत म्हणाली, "फिंटनचे खेकडे कायम बारकेच. पण गोड हो." मग कुणी त्याच्या मासेमारीच्या बोटीची गोष्ट काढली, कुणी त्याच्या कंजूषपणाची, आणि पबात पुन्हा माणसांचा आवाज झाला. मी एकेक ताट निरखून पाहिलं. उपाशी कुणी नव्हतं. खांद्यावरून भरलेलं जाळं उतरावं तसं मला झालं.

जुसारा माझ्यापाशी आली. "तू कशी आहेस?"

"बरी आहे."

"बरी आहेस?"

"हो गं, अगदी."

तिने ट्रे खाली ठेवला, हात पुसले. "बरी आहेस?"

"नाही," मी म्हणाले. "मला सडकून भूक लागलीये. आणि बाबांवर माझा फार जीव होता. त्यांना कधी म्हणाले नाही मी."