न ओढलेल्या कुलपाची बखर

श्री. जी देवता काचेच्या पेटीत राहून माणसांस हसविते आणि बसल्या जागेवरून उठू देत नाही, तीस प्रथम नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, कार्तिक वद्य षष्ठी, ते दिवशी राज्यात आकांत जाहला, त्याची हकीकत जैसी पाहिली तैसी लिहितो. लिहिणाराचे नाव पुसू नये. साहेबी आज्ञा केली जे, अण्णा चिंचोरे वारले आणि मागे रयत दोन तटांत फुटली ऐसे ऐकतो, तरी खरे काय ते लिहून पाठविणे. आज्ञेवरून लिहिले. पदरचे काही घातले नाही. थोडे घातले असेल तर ते गोड मानून घ्यावे.

पूर्वपीठिका ऐसी जे, राज्यात "चिंचोरे मंडळी" या नावाची विनोदी मालिका एकोणीस वर्षे नांदत होती. सायंकाळी साडेसातास सुरू होई ती आठास सरे. त्या अर्ध्या तासात कोणी कोणाचे दार वाजवीत नसे, आणि बायका कुकर साताच्या आत उतरवून घेत, आणि सोयरीक जुळवावयास आलेले पाहुणेही आधी चिंचोरे पाहत आणि मग मुलगी पाहत. त्या मालिकेत अण्णा चिंचोरे हे घरातील कर्ते पुरुष. त्यांची रीत ऐसी की, बाहेर पडताना दारास कुलूप लावावे, आणि तीन पावले जावे, आणि थबकावे, आणि मान वाकडी करून माघारी यावे, आणि कुलूप तीनदा ओढून पाहावे, खट खट खट, आणि मग "असो" म्हणून निघावे. एवढेच. यात हसण्याजोगे काय, ऐसे विचाराल तर आम्हांस सांगता येणार नाही. परंतु अण्णांनी एकोणीस वर्षे रोज ओढले आणि रयत एकोणीस वर्षे रोज हसली. खोटे कशाला लिहावे, आम्हीही हसलो.

अण्णांचे सोंग दिगंबरपंत सोनटक्के या नटाने घेतले होते. पंत गुणी खरे, पण ही चाल त्यांची नव्हे. आठ कोसांवरील कसब्यात त्यांचे थोरले बंधू त्र्यंबकराव वह्यापेनांचे दुकान चालवीत. तीन पावले, थबकणे, वाकडी मान, तीनदा ओढणे, "असो" म्हणणे, सगळे त्यांचे. मालिका सुरू होऊन महिना जाहला नाही तो कसब्यातील लोक त्र्यंबकरावांस अण्णा म्हणू लागले, आणि दुकान बंद करण्याचे वेळेस समोरच्या पानपट्टीवर जमू लागले, आणि कुलूप ओढले की एकमेकांस टाळ्या देऊ लागले. त्र्यंबकरावांनी सवय मोडावयाचा यत्न केला. एक दिवस दात-ओठ खाऊन न ओढता घरी गेले, आणि ताटावर बसले, आणि घास उतरेना, मग भरल्या ताटावरून उठून दुकानी गेले आणि ओढून आले. त्या दिवशी तर लोक फारच हसले. बरे, ते का ओढतात याचे कारण जगात दोघांसच ठाऊक, एक ते आणि एक धाकटा. आणि त्या धाकट्यानेच ते ओढणे नेऊन चव्हाट्यावर मांडले, हे त्यांच्या काळजास लागले. तेव्हापासून बोलणे बंद. मालिकेचा एक भाग म्हणून पाहिला नाही. पंतांनी पत्रे लिहिली, मध्ये माणसे घातली, दोनदा स्वतः दारापर्यंत गेले. दार उघडले नाही. पंतांस राज्यात मान होता, शाली होत्या, नारळ तर इतके की शेजारीपाजारी वाटावे लागत. परंतु दादाने एक शब्द बोलावा, एवढे त्यांस हवे होते, तेवढेच मिळत नव्हते. आणि दादांचे वय शहात्तर, पंतांचे एकाहत्तर, तेव्हा वाट तरी किती पाहावी.

तो षष्ठीचा दिवस आला. शेवटचा भाग. चिंचोऱ्यांचे जुने घर पाडून तेथे नवी इमारत व्हावयाची, म्हणून मंडळी सामानासह टेंपोत बसली, आणि अण्णा मागे राहिले, आणि कुलूप लावले, आणि तीन पावले गेले, आणि थबकले. अवघी रयत हसावयास तोंड उघडून बसली. मग अण्णांनी मान वळविली नाही. तैसेच पुढे गेले, आणि टेंपोत बसले, आणि "असो" म्हणून डोळे मिटले ते मिटलेच. मग पडद्यावर नावे सरकू लागली आणि उघडलेली तोंडे उघडीच राहिली. आमच्या शेजारी पिठले कढईस लागले, करपले, धूर जाहला, आणि चार माणसांच्या घरात कोणासही वास आला नाही.

दुसरे दिवशी तट पडले. एक तट ओढीवाल्यांचा. त्यांचे मुख्य रामभाऊ मेंगाळ, पिठाच्या गिरणीचे मालक. त्यांचे म्हणणे जे, अण्णा मेले ते मेले, माणूस आहे, मरावयाचेच. परंतु न ओढता मेले हे आम्हांस कबूल नाही, लेखकाने एकोणीस वर्षांच्या ओळखीचा माणूस अर्ध्या मिनिटात परका केला आणि आमच्या तोंडास पाने पुसली. दुसरा तट बिनओढीवाल्यांचा. त्यांच्या मुख्य कुसुमताई हरदास, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचे म्हणणे जे, पाडावयाच्या घराचे कुलूप ओढून करावयाचे काय, अण्णा त्या काळजीतून सुटले, यापरता सुंदर शेवट नाही, आणि ज्यांस हे कळत नाही त्यांनी पुन्हा पहिलीत बसावे. मग मोबाईलवर मजकुरांची सरबत्ती सुटली. ओढीवाल्यांनी लेखकाचे घरी टपालाने कुलपे पाठविली आणि किल्ल्या आपणांपाशी ठेविल्या. बिनओढीवाल्यांनी लेखकास पुष्पगुच्छ पाठविले, ते त्या कुलपांच्या ढिगाऱ्यावरच ठेवावे लागले. गिरणीवर बिनओढीवाल्यांचे गहू मागे पडू लागले आणि नाचणीवर दळले जाऊ लागले. एका घरी सासू ओढीवाली आणि सून बिनओढीवाली. त्या पूर्वी भांडत नसत ऐसे नव्हे, परंतु आता त्यांस विषय सापडला.

ऐसे चार दिवस गेले आणि दोहीकडचे घसे बसले, तेव्हा तह जाहला. तह ऐसा जे, अण्णा गेले यात वाद नाही, तरी दहावे दिवशी मंगल कार्यालयात दोन्ही तटांनी मिळून शोकसभा करावी, दिगंबरपंतांस पाहुणे म्हणून बोलवावे, आणि फलक लावावे. राज्याची रीत ऐसी की, कोणी गेले म्हणजे चौकात फलक लागतो. वर गेलेल्याचा मोठा फोटो, त्याखाली "भावपूर्ण श्रद्धांजली", आणि त्याखाली शोक करणारांचे फोटो नावांनिशी. ओढीवाल्यांनी बावीस फोटो दिले म्हणून बिनओढीवाल्यांनी चोवीस दिले, म्हणून ओढीवाल्यांनी आणखी चार आणून दिले. मग सभेचे स्थळ आणि वेळ घातली, आणि जागा संपली. फलक करणाराने विचारले की, गेलेल्याचे नाव कोठे घालू? रामभाऊ म्हणाले, अण्णांस ओळखत नाही ऐसा राज्यात आहे कोण? कुसुमताईंस रामभाऊंचे म्हणणे आयुष्यात प्रथमच पटले. ऐसे करून पन्नास शोकाकुलांची नावे छापली आणि मेलेल्याचे राहिले. फोटो पंतांचा घातला, तोही सोंगातला नव्हे, घरचा, साधा सदरा घातलेला. यात कोणास काही वावगे दिसले नाही. कसब्यातील प्रेक्षकांनीही आग्रह केला, म्हणून एक फलक तेथील बसस्टँडवर लागला.

सभेचे दिवशी दुपारी त्र्यंबकराव वह्यांचा गठ्ठा उतरवून घ्यावयास बसस्टँडवर गेले, आणि वर पाहिले, आणि धाकट्याचा चेहरा दिसला, आणि खालचे दोन शब्द वाचले, आणि गठ्ठ्यावरच बसले. कोणास काही विचारले नाही. कसब्यात त्यांनी कोणाशी बोलणे ठेविलेच नव्हते. आपणांस कोणी कळविले नाही यात नवल ते काय, दार तर आपणच लावून बसलो होतो, ऐसे मनात आले. मग फलकावरील वेळ पुन्हा वाचली, आणि गठ्ठा तेथेच टाकिला, आणि बस धरली.

तिकडे दुपारी चारास सभा भरली. चारशे माणूस. मध्ये वाट सोडून उजवीकडे ओढीवाले आणि डावीकडे बिनओढीवाले. व्यासपीठावर हार घातलेला फोटो, आणि फोटोखालील खुर्चीत, हातात माइक घेऊन, खुद्द फोटोतले गृहस्थ. आम्ही पुढच्याच रांगेत होतो. प्रथम दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावयाचे ठरले, आणि सगळे माना घालून उभे राहिले. इतक्यात मागील दार उघडले. त्र्यंबकराव आत आले, दार लोटून कडी लावली, तीन पावले चालले, थबकले, आणि मान वाकडी करून माघारी गेले. त्या शांततेत कडी तीनदा वाजली.

चारशे माना वळल्या. तीच मान, तेच खांदे, तेच पाऊल. मग डावीकडून एका बाईचे रडू फुटले, आणि उजवीकडून कोणी हसले, आणि एकोणीस वर्षांची सवय ती कोठे जाते, सगळी सभा डोळे पुसत पुसत हसू लागली. हसे थांबेना. त्र्यंबकराव दाराशीच गोठले. भाऊ मेला आहे आणि भावाच्या शोकसभेत माणसे आपणांस हसतात, ऐसे त्यांस वाटले, आणि त्यांचा चेहरा पाहून आम्हांस आमची लाज वाटली. मग त्यांची दृष्टी हारावर गेली, आणि हाराखाली खुर्चीकडे गेली. दिगंबरपंत उठून व्यासपीठावरून खाली येत होते. हातातला माइक ठेवावयाचे भान राहिले नव्हते, म्हणून पुढचे बोलणे अवघ्या सभेने ऐकिले, आणि हसणे आपोआप बंद जाहले. त्र्यंबकरावांनी धाकट्याच्या गालास हात लावून पाहिला.

"दिग्या, तू आहेस?"

"आहे, दादा."

"मग हार कोणाला?"

"फोटो माझा आहे. गेला तो तू."

त्र्यंबकरावांनी इकडचा तट पाहिला, तिकडचा तट पाहिला. "हे मला हसायचे ना रे?"

"हसायचे. रोज हसायचे. आणि तू गेलास तर दहा दिवस रडतायत, भांडतायत."

"गेलो कसा मी?"

मग पंतांनी शेवटचा भाग सांगितला. कुलूप लावले, तीन पावले, आणि माघारी फिरणे नाही. त्र्यंबकराव म्हणाले, "न ओढता?" रामभाऊ मेंगाळ पुढे सरसावले, कारण त्यांचा प्रश्न दुसऱ्याच कोणी विचारला होता.

"न ओढता," पंत म्हणाले. "मीच लेखकाच्या पाया पडलो. म्हटलं, शेवटच्या दिवशी तरी माझ्या दादाला मागे फिरवू नका. घरी चोरी झाली त्या दिवशी कुलूप मी लावलं होतं. सात वर्षांचा होतो, नुसतं अडकवलं आणि खेळायला पळालो. घर धुऊन नेलं, आईचं शिलाई मशीनसुद्धा नेलं, आणि आबांचा मार तू खाल्लास. तू बारा वर्षांचा. माझं नाव घेतलं नाहीस."

"ते तुला आठवत होतं?"

"रोज."

"मग हसवलंस कशाला?"

पंत म्हणाले, "दुसरं काही मला येत नव्हतं, दादा. नंतर रडून सांगायला आलो तर तू दार उघडलं नाहीस."

त्र्यंबकरावांनी त्यावर क्षमा केली ऐसे म्हटले नाही, गळाही धरला नाही. घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "चल. सहाची बस आहे." मग दोघे मधल्या वाटेने निघाले. दोहीकडची माणसे त्र्यंबकरावांस नमस्कार करू लागली. ते प्रत्येकास थांबून नमस्कार करीत, म्हणून दारापर्यंत जावयास फार वेळ लागला; पंत मागून येत होते, त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. सभा दोन मिनिटांसाठी उभी राहिली होती ती तोपर्यंत उभीच होती. मग भाषणे कोणी केली नाहीत.

एवंच, मालिका संपली, तट मोडले, दुसरे दिवसापासून गिरणीवर ज्याचे दळण आधी त्यास पीठ आधी मिळू लागले. अण्णांनी ओढावयास हवे होते की नको, हा प्रश्न राज्यात पुन्हा कोणी काढिला नाही. आम्ही बखर पुरी करावी म्हणून महिन्याने कसब्यास गेलो आणि पानपट्टीवर उभे राहिलो. दुपारी जेवणवेळेस दुकान बंद जाहले. त्र्यंबकरावांनी कुलूप आणि किल्ली धाकट्याच्या हाती दिली, आणि पंतांनी कुलूप लावले, आणि दोघे तीन पावले गेले, आणि दोघेही थांबले. त्र्यंबकराव मान वळवणार तोच पंतांनी त्यांच्या दंडास हात लावला, आणि आपण माघारी गेले, आणि कुलूप तीनदा ओढून पाहिले.

"लागलंय?" त्र्यंबकरावांनी विचारिले.

"लागलंय, दादा."

मग दोघे घरी जेवावयास गेले. पानपट्टीवर पाच-सात असामी होत्या, कोणी हसले नाही. पाहिले तेवढे लिहिले, लेखनसीमा.